घरटॅक्सवर बोलायची माझी पाळी

आमच्या जिल्ह्यातल्या बिल्डरांच्या संघटनेत बोलायचं काम माझ्या नवऱ्याचं. नालवाडीला आम्ही दोघांनी मिळून लहान लहान बिल्डिंगी बांधल्या, पण मी साइटवरची. गिलाव्यावर पाणी मारलं की नाही ते बघणारी. चार माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. गेल्या वर्षी ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुज तेवढी राहिली.

त्याच सुमारास घरटॅक्सच्या कायद्यात बदल होणार असं कळलं. भाड्याने दिलेल्या खोल्यांना जास्त दर, आणि विकले न गेलेले रिकामे फ्लॅटही भरलेले धरून पूर्ण टॅक्स. लोकांचं म्हणणं ऐकायला मंत्री वर्ध्याला येणार होते. संघटनेचे अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, या वेळी तुमीच बोला. भाऊंचं सारं तुमाले माहीत आहे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

आदल्या दिवशी दुपारी मी नव्या बिल्डिंगीत एकटीच होते. मंत्र्यांच्या पक्षाचा इथला एक कार्यकर्ता आला. सिमेंटच्या पोत्यावर बसला, पाणी मागितलं.

"उद्या बोलून राह्यल्या म्हणे तुमी."

"हो."

"साहेब पहिल्यांदाच येऊन राह्यले. त्यायच्यासमोर कायद्याले नावं ठेवू नका." मग तो वरच्या मजल्याकडे पाहत राहिला. "इचं पूर्णत्वाचं सर्टिफिकेट नाई आलं ना अजून?"

"नाई."

"येईन. घाई काय आहे?"

ग्लास जपून खाली ठेवून तो गेला. ते सर्टिफिकेट नसलं तर घरांचा ताबा देता येत नाही. एक फ्लॅट पुलगावच्या नर्सबाईंनी घेतला होता. त्या दर रविवारी येऊन आपल्या खिडकीत उभ्या राहायच्या. संध्याकाळी मी ताटावरून तशीच उठले.

"काऊन जेवत नाई?" ह्यांनी कुजबुजत विचारलं.

"भूक नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तो कार्यकर्ता तिसऱ्या रांगेत बसला होता. माझी पाळी आली. मी माइकजवळ गेले आणि तिसऱ्या रांगेकडेच पाहत राहिले.

"बोला ताई," मंत्री म्हणाले.

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "साहेब, भाड्याच्या खोलीत कोण राहतं? दवाखान्यातल्या नर्सा, तळेगावहून शिकायला आलेली पोरं. वाढलेला टॅक्स घरमालक त्यांच्याच भाड्यात टाकेल. आणि ज्या घरात अजून कोणी चूलही पेटवली नाही, त्याला पूर्ण टॅक्स कसा लावता?"

"तुमचे किती फ्लॅट रिकामे आहेत?"

"नव्या बिल्डिंगीतले सगळेच. सर्टिफिकेट नाही. आणि आज इथं बोलले तर ते मिळणार नाही, असं मला काल सुचवलं गेलं."

मंत्र्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कोणी सुचवलं?"

"ते सांगत नाही. मला इथंच राहायचं आहे."

मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी घरी पोचले तोवर सभागृहातलं सगळं ह्यांच्या कानावर आलं होतं; चेहरा पांढराफटक झाला होता. "मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

त्यांनी उठून भरदिवसा ग्रिलच्या दाराला कुलूप लावलं. आमच्याकडे असं कधी होत नसे.

पुढे कित्येक दिवस फाटकापाशी मोटारसायकल थांबली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जायचे. पोस्टमन असायचा, गॅसवाला असायचा. ज्यांची भीती होती ते कोणीच आले नाहीत. दिवाळीनंतर सर्टिफिकेट मिळालं, नर्सबाई राहायला आल्या. भाड्याच्या खोल्यांचा वाढीव दर मसुद्यातून काढल्याचंही कळलं. रिकाम्या फ्लॅटवरचा टॅक्स मात्र राहिला. अध्यक्षांनी पेढे आणले.

परवा भाजीबाजारात तो कार्यकर्ता भेटला. त्याने हात जोडले. "चांगल्या बोलल्या तुमी त्या दिवशी, वहिनी. आता नवीन बिल्डिंग कुठं काढता?"

जागा आम्ही घेऊन ठेवली होती. "अजून ठरलं नाही," मी म्हटलं, आणि वांगी न घेताच घरी आले.