पाठच्याची हाळी

पडद्यावर ‘कॉपी पूर्ण’ असं आलं की पेन ड्राइव्ह खसकन ओढता ना तुम्ही? खरं सांगा. अंजनाही ओढायची, आणि ती तर माधवनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते!

अंजना आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरची. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढली नाही. बंद पडलेली मशिनं उघडून उघडून शिकली. तोंडानं फटकळ. दुकानातल्या आणि मेंढपाळांच्या संघटनेच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम बसवली तीही तिनंच. “कुण्या कंपनीच्या दावणीला कशापायी बांधून घ्यायचं?” म्हणून चार लोकांत मिरवलंही.

त्या दिवशी साताऱ्यात महसूल खात्याच्या साहेबांपुढं सुनावणी होती. मेंढरांची जुनी वाट कुणी तारेचं कुंपण घालून बंद केलेली. ती वाट कुठून कुठं जायची, पाण्याला कुठं थांबायची, हे सांगणारी जाणती एकच उरली होती, अंजनाची चुलत आत्या साळूबाई. तिचं बोलणं अंजनानं रेकॉर्डरवर घेतलं आणि साळूबाई कळपाबरोबर घाट उतरून गेली. फोन लागायचं नाव नाही. पुरावा काय तो तेवढाच.

बाहेर संघटनेचा इंद्रजित जीपचा हॉर्न दाबून बसलेला.

“आक्का, आवरा की! सायेब काय आपल्यासाठी थांबून ऱ्हात न्हाई!”

“आलं रं! हॉर्न हाय का कारखान्याचा भोंगा?”

कामगार चळवळीतली मायाही साताऱ्यापर्यंत त्याच जीपनं निघालेली, तिथनं एसटीनं पुढं शिरवळला. कामगारांच्या गेटसभेसाठी तिला रेकॉर्डर हवा होता, तोही कार्ड रिकामं करून. म्हणून अंजनानं साळूबाईची फाईल ‘कट’ केली, पेन ड्राइव्हवर ‘पेस्ट’ केली. पडद्यावरची पट्टी भरली, ‘पूर्ण’ असं आलं. एका हातानं पेन ड्राइव्ह, दुसऱ्या हातानं कार्ड, दोन्ही एकाच हिसक्यात बाहेर. ड्राइव्ह इंद्रजितला, कार्ड मायाच्या रेकॉर्डरमध्ये. जीप गेली.

आणि मग तिला आठवलं: ओढताना पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता.

तिनं फोन लावला. मायाचा लागेना, आणि इंद्रजित गाडी चालवत असला की फोन उचलत नाही. एरवी त्याचं कौतुक करायची, आज शिव्या घातल्या. एक गिऱ्हाईक आलं, त्याला परत पाठवलं. उगाच स्क्रू वेचत बसली, पुन्हा सांडले.

मशिनच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. पेन ड्राइव्ह पडला मंद. त्याच्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं नाही म्हणून कारभारी माल आधी आपल्या मेमरीत उतरवून घेतो, ‘झालं’ म्हणून सांगतो, आणि मागनं सवडीनं पलीकडं पोचवत राहतो. लिनक्सच्या आधीच्या जुन्या सिस्टिमवर पेन ड्राइव्हला बहुतेक लगेच लिहिलं जायचं, ओढला तरी खपायचं. हे तिला पाठ होतं. हात मात्र जुन्या सवयीचा!

आणि तिच्या घरची रीत काय? मेंढरं हमरस्ता ओलांडताना पाठचा माणूस ‘आलं रं शेवटचं!’ अशी हाळी देईपर्यंत पुढचा माणूस पाऊल उचलत नाही. लहानपणी एकदा अंजना हाळीआधी पळाली म्हणून साळूबाईनं तिच्या पोटरीवर काठी ओढली होती. पुढची मेंढी पलीकडं दिसली म्हणजे कळप पोचला असं नसतं.

साताऱ्यात नंबर लागायची वेळ आली तेव्हा इंद्रजितचाच फोन आला.

“आक्का, लॅपटॉपवर फाईल उघडंना. नाव दिसतंय, आत भोपळा.”

“कार्डातनं मी कट केलेली.”

“मंजी संपलं! बसा आता लिनक्सची आरती करत.”

“लिनक्सला बोलू नगंस! चुकले ती मी.” ओरडता ओरडता ती थबकली. पुसणं हेसुद्धा लिहिणंच की! कार्डावरनं पुसायचा हुकूमही कारभाऱ्यानं मागाहून पोचवायला ठेवला असेल, आणि त्याआधीच आपण कार्ड ओढलं असेल तर? “इंद्रजित, सायबाकडनं जेवणानंतरची येळ माग. पाया पड, काय बी कर!”

तिनं मायाला फोन लावला. पलीकडं घोषणा.

“माया, बटण दाबलंस?”

“कसलं, आक्का?”

“रेकॉर्डिंगचं गं!”

“दाबतच हुते. बोट हाय त्याच्यावर.”

“काढ ते बोट! कार्ड भायेर काढ. अर्धवट पुसलं असलं तर नव्या आवाजाखाली जुना गाडला जाईल.”

माया कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून साताऱ्याच्या दिशेनं निघाली, इंद्रजित जीप घेऊन उलटा. दोघं भुईंजला भेटणार. अंजना दुकानात उभीच. खुर्ची टोचत होती.

फोन वाजला. पलीकडनं आधी नुसती वाहनांची घरघर, मग एक खरखरीत, ओळखीचा आवाज: “मी साळूबाई. ह्या वाटंनं मी पाळण्यात असल्यापासनं गेलेय...”

“आक्का, बोलतीया!” इंद्रजित किंचाळला. “कार्डावर तशीच हाय, पुसलीच न्हाई! लॅपटॉपवर घेतली. पेन ड्राइव्हवर बी टाकली. काढू का?”

“हात लावू नगंस! ‘सुरक्षित काढा’ दाब. दिवा?”

“लुकलुकतोय.”

“थांब.”

“आक्का, येळ हाय का आता?”

“थांब म्हणते न्हवं!”

अंजना फोन कानाला दाबून पलीकडच्या वाहनांची घरघर ऐकत राहिली.

“थांबला.”

“आलं शेवटचं. पळ!”

साहेबांनी साळूबाईला ऐकलं, वाट जागेवर जाऊन बघायचं कबूल केलं. निकाल अजून यायचाय. पण आता अंजनाच्या दुकानात तिच्या हाळीशिवाय कुणी पेन ड्राइव्हला हात लावत नाही. लावला, तर तोंडाचा पट्टा सुटतो.

तुमच्याही पेन ड्राइव्हवर कुणाचा तरी असा आवाज असेल, जो पुन्हा मिळायचा नाही. तेव्हा एवढं ऐका: ओढू नका. आधी ‘सुरक्षित काढा’ दाबा, आणि पाठच्याची हाळी येईपर्यंत जागचे हलू नका.