अजून एक म्हणणारे बापूकाका

बापूकाकांच्या देखत "पुरे" म्हटल्यावर खरोखर पुरे झालं, असं कधी घडलं नाही. तुम्ही ताटावर दोन्ही हात आडवे धरा, पंगतीतून उठून उभे राहा, बोटांच्या फटीतून काका जिलबी सोडणारच. "अजून एक. एकाने काय होतंय?" पुण्याला नात्यातल्या कुठल्याही लग्नात आग्रहाचं काम त्यांच्याकडे असे, आणि मांडवात लोक सगळ्यात जास्त त्यांनाच टाळत, असं त्यांचा मुलगा समीर सांगतो.

समीर आल्मेरे या डच गावात आमच्या शेजारी राहतो. बापूकाका त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि करोनाने विमानं बंद झाली. घरी पाहुणे किती बोलवायचे यावरही सरकारने मर्यादा घातली. मुळात हा देश कॉफीबरोबर एक बिस्कीट देऊन डब्याचं झाकण लावणारा. त्यात आता ती कॉफीही गेली. सून डाएटवर. नातू इथेच वाढलेला. तो "नो थँक यू" म्हणायचा आणि त्याचा अर्थ खरोखरच नको असा असायचा. वाढायला माणूसच उरला नाही म्हणताना काका सुकले. समीर मला म्हणाला, "बाबांना कुठेतरी घेऊन जा रे. घरात बसून ते फ्रिजला आग्रह करायला लागलेत."

मी तेव्हा गावातल्या एका हौशी बेसबॉल क्लबात खेळत होतो. कॉलेजात मध्यमगती गोलंदाज होतो, तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला पिचर केलं. आपल्याकडे कोपर वाकवून चेंडू फेकला की नोबॉल. तेच कोपर वाकवायला शिकण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. अर्थात मी राखीव पिचर. मैदानाच्या कडेला जाळीमागे एक पट्टी असते, तिला बुलपेन म्हणतात. खेळणारा पिचर थकला की ज्यांना आत पाठवायचं ते तिथे बसतात, आणि बोलावणं येईलसं दिसलं की कोणाकडे तरी चेंडू टाकून हात गरम करतात. आमच्याकडे हे 'कोणीतरी' नव्हतंच. काका एके काळचे यष्टिरक्षक, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो.

पासष्टी उलटलेला माणूस हातमोजा घालून तासभर उकिडवा बसतो, याचं डच मंडळींना भारी नवल. गुडघ्यांसाठी तुम्ही काय करता, असं एकाने विचारलंच. काका गंभीरपणे म्हणाले, "इंडियन टॉयलेट." त्यानंतर दोघंतिघं माझ्याकडे अधिक माहिती विचारून गेले.

बुलपेनमध्ये आम्ही तिघं. कुरासाओ बेटावरून आलेला बसड्रायव्हर रॉय, शाळामास्तर पीटर आणि मी. दीड मीटरच्या नियमामुळे प्रत्येकाची घडीची खुर्ची वेगळी. काकांना त्या दीड मीटरचं काही वाटलं नाही, कारण त्यांचा आग्रह लांबून चालणारा होता. चेंडू हातमोज्यात आला की "वा!" आणि लगेच बोट वर करून "अजून एक". इतक्या मनापासून मागत, की टाकल्यावाचून राहवत नसे. आमचा कोच मोजून चार शब्द बोलणारा. चांगल्या चेंडूला कोणी वा म्हणतं हे रॉयला आणि पीटरला नवीनच होतं. दोघंही ते "अजून एक" शिकले आणि कॉफी पितानासुद्धा वापरू लागले.

त्या वर्षी मोसम उशिरा सुरू झाला, त्यामुळे सामने एकमेकांना चिकटून आले. सप्टेंबरपर्यंत आमचे हात म्हणजे नुसते लोंबत होते. त्यातच रॉयच्या मुलीला करोना झाला आणि त्यांचं सगळं घर बंद. उरलो पीटर आणि मी. पीटर पंचेचाळिशीचा, उंच, अबोल. सामना संपला की खांद्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवून बसायचा. हे आपलं शेवटचं वर्ष, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. त्याचे वडील वृद्धाश्रमात. तिथली दारं महिनोन्‌महिने बंद होती. ती आता उघडली होती आणि शेवटच्या सामन्याला ते येणार होते. त्यांच्यासमोर एकदा टाकायचं आणि थांबायचं, एवढंच पीटरला हवं होतं.

त्या शेवटच्या सामन्याच्या आधीच्या सामन्यात कोचने पीटरला दोनदा तयार व्हायला सांगितलं आणि दोन्ही वेळा बसवून ठेवलं. दोन्ही वेळा काकांनी यथासांग आग्रह केला. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हाही केला. पीटर मैदानात गेला तो दमून रिकामा झालेला हात घेऊनच. त्याच्या प्रत्येक चेंडूवर समोरच्यांनी मनसोक्त फटके मारले. पुढच्या सरावाला तो हसत सांगत होता, की आता फळ्यावर डाव्या हाताने लिहितो आणि वर्गात मुलांची चांगली करमणूक होते. काय झालं म्हणून काकांनी मला विचारलं. त्याचा उजवा खांदा उचलत नाही, सगळा जोर बुलपेनमधल्या 'अजून एक'मध्येच संपला, असं मी सांगितलं.

घरी चालत येताना काका कालव्याच्या कडेला थांबले. मग म्हणाले, "इतके दिवस मला वाटत होतं, मी वाढतोय. अरे, जेवत होतो मीच."

मला त्यांची फार दया आली.

शेवटच्या सामन्याला पीटरचे वडील खरंच आले. जाळीपलीकडे चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण, तोंडाला मास्क. हरलो तर खालच्या वर्गात जाणार होतो. शेवटी शेवटी कोचने खूण केली आणि पीटर उठला. पहिला चेंडू आला. काका "वा" म्हणाले नाहीत. दुसरा आला. तिसरा आल्यावर काका उठून उभे राहिले, हातमोजा काढून काखेत धरला आणि म्हणाले, "पुरे."

आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असावेत. शब्द मराठी होता, पण पीटरला बरोबर कळला. तो लाल झाला. मी ठीक आहे, माझे वडील आलेत, असं त्याने इंग्रजीत दोनदा सांगितलं. कोच धावत आला. काका त्याला म्हणाले, "ही विल नॉट थ्रो. बी अँग्री विथ मी." कोचने एकदा पीटरच्या खांद्याकडे पाहिलं आणि मला आत पाठवलं. माझा हातही काही ताजा नव्हता. आम्ही हरलो आणि खालच्या वर्गात गेलो. काकांना कोणी काही बोललं नाही. पीटर मात्र निरोप न घेता वडिलांची खुर्ची ढकलत निघून गेला. त्या दिवसापासून काका जेवताना कोणाला काही वाढेनात. सुनेने आपणहून दुसरी पोळी मागितली, तर त्यांनी नुसता डबा पुढे सरकवला.

पुढच्या आठवड्यात काकांना परतीचं विमान मिळालं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही समीरच्या अंगणात बसलो होतो, तेवढ्यात फाटकाशी पीटर सायकलवरून उतरला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. बसला नाही. फिजिओ म्हणतो की त्या दिवशी टाकलं असतं तर खांदा गेला असता, आता वसंतापर्यंत बरा होईल, एवढं त्याने सांगितलं. वडिलांना पुढच्या वर्षी परत यायला सांगितलंय, हेही सांगितलं. मग डबा उघडून काकांसमोर धरला. काकांनी एक बिस्कीट घेतलं. सवयीने पीटरने झाकण लावलं.

मग त्याला काहीतरी आठवलं असावं. झाकण काढून त्याने एक बिस्कीट उचललं आणि उजवा हात पुढे केला. "अजून एक," तो म्हणाला.

काकांनी बिस्कीट पाहिलंच नाही, हात पाहिला. खांद्यापासून सरळ होता. मग ते एकदम हसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिले आणि त्यांनी दोन्ही हात समोर आडवे धरले. पीटरने त्यांच्या बोटांच्या फटीतून बिस्कीट सोडलं.