सरांनी दिलेली मोकळीक

माघ सरता सरता सांगलीच्या आसपासच्या रानांत हळद शिजू लागते आणि तिचा ओला, उग्र, मातकट वास कोवळ्या उन्हाबरोबर वाऱ्यावर पसरत जातो. मेढ्याच्या डोंगरउतारावर, भात-नाचणीच्या शिवारात वाढलेल्या मला तो वास अपरिचित होता. पीएच.डी.ची नोंदणी झाली त्या आठवड्यात, सरांच्या घराच्या ओसरीवर आतून हाक येण्याची वाट पाहताना, मी तो पहिल्यांदा घेतला.

सर म्हणजे माझे गाइड. भूगोलाचे प्राध्यापक, कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातले, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. अतिपाण्यानं उसाच्या जमिनी कशा खारावत गेल्या, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता आणि आता तोच माझा विषय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नदीकाठच्या एका पांढऱ्या पडलेल्या रानात नेलं, वाकून चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "चव घे. यंत्रं नंतर." तो कडवट खारटपणा जिभेवर रेंगाळत असतानाच त्यांनी सांगितलं की हे रान त्यांच्या वडिलांचं, याच बांधावर बसून त्यांनी लहानपणी ऊस खाल्ला होता. शास्त्रामागे एवढं वैयक्तिक दुःख असू शकतं, हे मला त्या क्षणी उमगलं आणि माझी त्यांच्यावर अपार श्रद्धा जडली.

पावसाळ्यात मात्र काहीतरी बिनसलं. सरांनी गाळायला सांगितलेला भाग गाळून नेला, की ते कपाळाला आठ्या घालून विचारत, "हे का काढलंस?" पुन्हा घालून नेला, की लाल शाईची रेघ त्याच्यावरून फिरे. एकच प्रकरण मी इतक्यांदा लिहिलं की त्यातले शब्द मलाच परके वाटू लागले. साताऱ्यातल्या एक मॅडम माझ्या सहमार्गदर्शक होत्या, त्यांच्यापाशी मन मोकळं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर कडक आहेत. सोस थोडं." मी सोसत राहिले. सांगलीहून परतताना एस.टी.च्या खिडकीबाहेर उसाचे तुरे मावळतीच्या उजेडात रुपेरी होत जात आणि माझ्या बुद्धीचीच मर्यादा आता उघडी पडते आहे, अशी माझी खात्री होत जाई.

दिवाळीनंतर आम्ही मातीचे नमुने घ्यायला पुन्हा त्याच रानात गेलो. दुपारचं ऊन त्या पांढऱ्या थरावरून परतून डोळ्यांत खुपत होतं. सर बराच वेळ बांधावर उभे राहिले आणि मग अगदी सहज, वाटसरूनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे रान कुणाचं गं?"

मी नमुन्याची पिशवी बांधत बसले, कारण मान वर केली असती तर माझा चेहरा त्यांना दिसला असता.

सरांना घरी पोचवल्यावर काकूंनी, सरांच्या पत्नीनं, माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तुला कळलं व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना केव्हाच सांगितलं होतं. विस्मरणाचा हा आजार आता वाढतच जाणार होता. "कॉलेजात कुणाला बोलू नगंस. मानानं निवृत्त होऊन घरी येऊ देत त्येंना." मी मान हलवली. पुढचे महिने मी त्यांच्यासमोर तीच पानं ठेवत गेले आणि ते तीच खोडत गेले. काम जागच्या जागी थिजलं होतं. गप्प राहिले तर माझी वर्षं जाणार होती आणि बोलले तर त्यांची अब्रू.

एका सकाळी सरांनीच बोलावून घेतलं. ओसरीवर बसले होते, दाढी केलेली, नजर लख्ख.

"आज डोकं ठिकाणावर आहे, म्हणून आजच बोलतो," ते म्हणाले. "माझ्यामुळं तुझं नुकसान होतंय. मॅडमकडं जा. गाइड बदलायचा अर्ज आण, मी सही करतो."

"सर, थांबू या थोडं."

"पाणी साचू दिलं की जमीन नासते. एवढं तरी शिकवलंय ना तुला?"

काकू दारात उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला, पण अडवलं नाही त्यांनी. त्याच दिवशी सरांनी सही केली, ठळक, एका झटक्यात.

त्यानंतर चैत्रात मी त्यांना भेटायला गेले. मला पाहताच त्यांचा चेहरा आक्रसला. "ऐकलं मी," ते म्हणाले, "सोडून गेलीस मला."

"सर, तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? मी असं कसं सांगेन?" त्या स्वरात राग कमी आणि अपमान अधिक होता. पुढच्या भेटीत हेच झालं आणि त्यानंतरच्या भेटीतही.

शेवटी काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "मीबी सांगते त्येंना, तुमीच पाठवलं म्हणून. खोटं वाटतंय त्येंना. दर खेपेला नव्यानं लागतं गं. आता येऊ नगंस."

मी जायची थांबले. मॅडमना कालचं सगळं आज आठवतं. प्रबंध पुढे सरकतो आहे, अडलेल्या पानांना वाट फुटली आहे. पण कधी लिहिता लिहिता हात थबकतो. ज्यानं मोकळीक दिली त्याच्यापाशीच तिची आठवण उरली नसेल, तर ती मला मिळालेली म्हणायची, की मी काढून घेतलेली?

गेल्या हिवाळ्यात नमुने घेऊन परतताना मी त्यांच्या गल्लीतून गेले. सर अंगणात उन्हाला बसले होते, गुडघ्यांवर शाल, शेजारी काकू तांदूळ निवडत. पावलांच्या आवाजानं त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना तो अपमान. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाकडे पाहून हसावं तसं ते प्रसन्न हसले आणि त्यांनी हात वर केला. त्यांचं दुःख संपलं होतं, पण ते संपण्याआधी मला त्यांच्या आठवणीतून पुसलं जावं लागलं होतं.

मीही हात वर केला. तो खाली केव्हा घ्यायचा, हे मला बराच वेळ उमगेना.