हरलेला कोंबडा

मिठागराला लागून असलेल्या मोरवे गावात भाड्याची खोली बघायला गेलो होतो. एका अंगणात दोन कोंबड्यांची मारामारी नुकतीच संपली होती. हरलेला रक्तबंबाळ होऊन, चोच वासून थिजला होता. घरातल्या म्हातारीने त्याला मांडीवर घेऊन पदराने झाकलं. मी फोटोसाठी माझा नवा कॅमेरावाला मोबाइल काढला.

"नको बगू त्याचेकरं," ती म्हणाली. "हारलेला हाय. कोनी बगला तं लाजंनी मरंल."

तीसुद्धा बघत नव्हती. तोंड मिठागराकडे, आणि बोटं मात्र पदराखाली चाचपत एकेक जखम हळदपाण्याने पुसत होती. मोबाइल खिशात टाकून मीही मिठागराकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने पदर हलला. आतून चिरक्या आवाजात बांग आली. तेव्हा कुठे म्हातारीने मान वळवली, आणि जिंकून आलेल्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.