शवघरातलं रिकामं ताट

आमच्या असुका राजधानीत राजा मेला तरी त्याला लगेच मूठमाती मिळत नाही. गादीवरून भांडणं चालतात, तोवर त्याने शवघरात पडून राहायचं. तिथे त्याला रोज भात, खारवलेली मासळी आणि दारू. ते ताट नेण्याचा मान कोतोमेच्या घराचा. नवरा गेल्यावर तिने त्याची मानाची तलवार खांद्याला लावून ते काम उचललं, आणि आजवर एकाही मेलेल्याची तक्रार आली नाही.

मग सम्राज्ञी वारल्या. पुतण्या मोठा होईपर्यंत म्हणून त्यांना गादीवर बसवलं होतं. पुतण्या म्हातारा होऊन मेला, तरी बाई बसलेल्याच. जन्मभर त्यांच्यापुढे नाक घासलेले प्रधान आता म्हणू लागले, शवघरात बाईमाणूस नको. कोतोमेचा दीर आराहिको टपलेलाच होता.

"वहिनी, तलवार द्या इकडं. हे बायकांचं काम नव्हे."

"मग आत निजलीय ती कोण, भावोजी?"

"जीभ फार चालते तुमची."

तलवार गेली म्हणजे घराचा मान गेला आणि चूलही गेली. कोतोमे रडली नाही, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. शवघराचा भात मीच रांधते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं.

आराहिको तलवार लावून, ताट घेऊन आत गेला. प्रेताजवळ जायची छाती याला कुठली? दाराआड अंधारात बसला. समोर भरलेलं ताट, आणि हा जन्माचा हावरा. रिकामं ताट मिरवत बाहेर आला. मेलेल्याचं ताट भरलेलंच परत येतं आणि मातीत पुरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. या शहाण्याला वाटलं, शाबासकी मिळेल.

प्रधानांनी हिशेब मांडला. महाराणी जेवल्या, म्हणजे त्या गेल्याच नाहीत, म्हणजे गादी रिकामी नाही. गादीसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले दोन्ही राजकुमार त्याच दुपारी डोंगरापलीकडे पळाले. असले हे आमचे सिंह. आराहिकोच्या दाढीला चिकटलेलं शीत मला दिसलं, कोतोमेलाही दिसलं. तिने ते मनात जपून ठेवलं.

शेवटी थोरल्या प्रधानाने तिलाच बोलावलं. "बाई, ही तलवार घे परत आणि तूच जा आत. आराहिकोचा मुलगा मोठा होईपर्यंत बघ हे."

ती आत गेली आणि भरलेलं ताट घेऊन आली. "जेवत नाहीत. गेल्यात."

राजकुमार काही परतले नाहीत. प्रधानांनी सम्राज्ञींच्या बहिणीला गादीवर बसवलं. तेही तात्पुरतंच, म्हणे.

आराहिकोच्या मुलाला मिशा फुटल्या तसा तो तलवार मागायला आला.

"देते की," कोतोमे म्हणाली. "आधी बापाला विचारून ये, महाराणींच्या ताटातला भात कसा लागला."

तो पुन्हा फिरकला नाही.