डाव्या बाहीची घडी

सात महिने वाट पाहून आणलेलं जाकीट हॉरेस टॉयनने स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलं आणि हात काढून घेतला, तर ते उभंच राहिलं. आत माणूस नाही, आधाराला काही नाही, तरी छाती काढून उभं. त्याची बायको मर्टल किटली हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली.

"बसायला सांग की त्याला," ती म्हणाली.

"चेष्टा नको. अस्सल मेंढीचं कातडं आहे. आत बोटभर लोकर. दुसऱ्या महायुद्धात आपली पोरं बर्फासारख्या हवेत हेच घालून उडत होती."

हेच म्हणजे अगदी हेच नव्हे. तेव्हाची जाकिटं आता विरून गेली, नाहीतर काचेच्या कपाटांत जाऊन बसली. त्याच बेताची नवी शिवून देणारा एक कारागीर समुद्राकडच्या गावात होता. मर्टल सोबत गेली होती. कारागिराने हॉरेसच्या छातीभोवती फीत धरली, मग पोटाभोवती धरली आणि सभ्यपणे म्हणाला, "तुम्हाला मोठ्यातलं मोठं लागेल साहेब." हॉरेसने पोट आत ओढलं. "वैमानिक अंगाला चापून बसणारं घालायचे," असं सांगून त्याने दोन मापं खालचं शिवायला टाकलं. मर्टलने कारागिराकडे बघितलं, नवऱ्याच्या पोटाकडे बघितलं आणि गप्प बसली. अडतीस वर्षं संसार करून बाईला एवढं कळतं.

हॉरेस माणूस वाईट नव्हता, फक्त बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जन्मभर इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्याच्या सपाट रस्त्यांवरून बस चालवली, आणि प्रवाशांना सांगत राहिला की मी खरा विमानातच शोभलो असतो. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवरच्या विमानवेड्या मंडळींत सामील झाला. त्यांच्याकडे युद्धातलं एक अवजड बॉम्बफेकी विमान होतं. ते आता उडत नसे, पण दर मे महिन्यातल्या एका रविवारी चारी इंजिनं सुरू करून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. त्या फेरीत शेपटीतल्या काचेच्या घुमटीत, जिथे बंदूकवाला पाठमोरा बसायचा, तिथे नव्या सभासदांपैकी एकाला बसायला मिळे. हॉरेसला ती जागा हवी होती. झोपेतसुद्धा तो तिच्याबद्दल बडबडे.

पण जागेला अट होती, आणि अट सांभाळायला सिरिल ब्लेड्स होते. वय पंच्याऐंशी, युद्धात याच धावपट्टीवर त्यांनी इंजिनं दुरुस्त केली होती. जाकीट अंगावर वापरून मुरवलेलं हवं, असा त्यांचा नेम. एकाने घाई करून काचकागदाने घासून आणलं होतं, तर सिरिलनी त्याला दोन वर्षं चहाची तिकिटं फाडायला बसवलं. परीक्षा सोपी होती: जाकीट जमिनीवर ठेवायचं. उभं राहिलं तर कच्चं, बसलं तर पक्कं.

फेब्रुवारीत हॉरेसचं जाकीट मंडळींच्या शेडमधल्या फरशीवर हवालदारासारखं उभं राहिलं आणि मंडळी हसून हसून बेजार झाली.

"हॉरेस, तू घरी जा लेका, तुझ्यापेक्षा हे कामाचं दिसतंय!"

"मे महिन्यापर्यंत बघा!" हॉरेस म्हणाला.

मग घरी मुरवणं सुरू झालं. कोपर वाकेना, म्हणून सुपाचा चमचा तोंडापर्यंत पोहोचेना. चालताना अशी करकर व्हायची की मर्टलच्या अकरा कोंबड्या कुंपणापलीकडे पळायच्या. आठवडाभराने हॉरेसने युक्ती काढली. जेवण झालं की जाकीट घालून खुर्चीत पडायचं आणि चार वाजेपर्यंत घोरायचं.

"हे काय चाललंय?" मर्टलने विचारलं.

"मुरतंय."

"अरे, लोणच्याची बरणीसुद्धा अधूनमधून हलवावी लागते!"

मार्चमध्ये त्याला आत उकडायला लागलं. तेव्हापासून दुपारी जाकीट दारामागच्या खुंटीवर झोपू लागलं आणि हॉरेस खुर्चीत.

एका मंगळवारी मर्टलचा कोट ओला होता. अंडी तर पोहोचवायची होती. तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात राबून झाल्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलवरून घरोघर अंडी देणं हेच तिचं काम उरलं होतं. तिने जाकीट उचललं, अंगात घातलं आणि चेन वर ओढली, तर ती सरळ गळ्यापर्यंत गेली. अगदी तिच्या मापाचं.

कालव्याच्या बांधावर वारा नेहमीसारखाच बोचरा होता, पण त्या दिवशी तो मर्टलला सापडलाच नाही. इतकं ऊबदार तिला त्या रस्त्यावर कधी वाटलं नव्हतं. ती मोठ्याने गाऊ लागली. आवाज बेसूर होता, पण ऐकायला फक्त बीटाची शेतं होती. ती सुखात होती, आणि घरी आल्यावर त्या सुखाची तिला थोडी लाजही वाटली.

खुंटीवर टांगताना तिने पाहिलं, की बाही किंचित वाकली होती. मग तिच्या लक्षात आलं. हा झोपून काही मुरवणार नाही; आणि मे महिन्यात पुन्हा सगळे हसले तर वरवर हसेल आणि आतून मोडेल. तिने ठरवून टाकलं. त्या दिवसापासून हॉरेस घोरायला लागला, की जाकीट मर्टलच्या अंगावर. त्यात तिने खुराडं साफ केलं, बटाट्याचे वाफे खणले, लाकडं फोडली. अंडी द्यायला जाताना सायकल फाटकाशी लावायची आणि टोपली डाव्या हाताच्या कोपरात अडकवायची. मर्टल डावखुरी. लहानपणी बाईंनी पट्टीने मारून मारून लिहिण्यापुरता उजवा हात शिकवला, बाकी सगळ्या कामाला डावाच पुढे.

गावाने तिला पाहिलं नसेल असं नाही. पण अंडी ताजी होती आणि मर्टल सर्वांची लाडकी, त्यामुळे कोणी हॉरेसला ताकास तूर लागू दिली नाही. खाटकाने एवढंच विचारलं, "आज कुठवर उड्डाण?"

"पोस्टापर्यंत," मर्टल म्हणाली.

एप्रिलअखेर हॉरेस जाकीट हातात घेऊन खूश झाला. "बघ कसं मऊ झालंय! मी म्हटलं नव्हतं? निवांत मुरू द्यावं लागतं."

"हो बाबा, निवांत," मर्टल म्हणाली.

मेमधला तो रविवार लख्ख उजाडला. मर्टल मंडळींच्या चहासाठी टोपलीभर उकडलेली अंडी आणि मनुकांचा पाव घेऊन आली होती. सिरिलनी जाकीट जमिनीवर ठेवलं. ते क्षणभर थांबलं, मग लग्नघरातून दमून आलेल्या मावशीसारखं हळूच खाली बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉरेसचे डोळे भरून आले.

"घाल आता," सिरिल म्हणाले.

हॉरेसने घातलं. चेनच्या दोन बाजू त्याच्या पोटावर एकमेकांपासून वीतभर लांब राहिली. तरी जागा त्याचीच होती. चेन लागलीच पाहिजे असा नियम कुठे नव्हता. पण सिरिलनी त्याची डावी बाही धरली, उजवी धरली आणि पुन्हा डावी धरली. उजवी जवळजवळ कोरी होती. डाव्या कोपरात घड्यांवर घड्या, आणि त्यांच्यामधून बोटाएवढा एक गुळगुळीत पट्टा आडवा गेलेला.

"तू डावखुरा कधी झालास रे?"

चहाच्या टेबलामागून मर्टल घाईघाईने म्हणाली, "सिरिल, तो पाण्याच्या बादल्या डाव्या हाताने उचलतो ना, उजवा खांदा दुखतो त्याचा!"

हॉरेसने आयुष्यात घरच्या कोंबड्यांसाठी बादली उचलली नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या डाव्या कोपरात टोपलीची कडी अडकलेली होती, नेहमी असायची तशीच. त्याने आपल्या बाहीवरचा पट्टा पाहिला. मग कॉलरच्या लोकरीत बोटं घातली आणि कोंबडीचं एक तांबूस पीस ओढून काढलं. नुसती मान डोलावली असती, तरी भागलं असतं. काचेची घुमटी वीस पावलांवर उन्हात चमकत होती.

"खांदा ठणठणीत आहे माझा," हॉरेस म्हणाला. "मी झोपा काढल्या. हे हिने मुरवलंय."

त्याने जाकीट उतरवलं आणि तिच्यासमोर धरलं.

"वेडा आहेस का?" मर्टल कुजबुजली. "तुझ्यासाठी केलं मी ते!"

"ठाऊक आहे. घाल."

"सिरिल, तुम्ही तरी सांगा याला!"

सिरिलनी नाक शिंकरलं. "जो मुरवील तो बसेल. बाई की बाप्या, हे नियमात कुठेच नाही; सभासद तिला आजच करून घेऊ. चला, इंजिनं तापतायत."

मर्टल शेपटीतून वाकून आत शिरली, पाठीमागची दोन दारं लागली, आणि जाकीट कुठे अडलं नाही की करकरलं नाही. इंजिनांनी गर्जना केली तशी तिच्या दातांपर्यंत थरथर पोहोचली. तिला भीती वाटली, आणि पुढच्याच क्षणी इतका आनंद झाला की ती त्या काचेत एकटीच हसू लागली. घुमटीचं तोंड मागे, त्यामुळे कुठे चाललो ते दिसत नव्हतं. दिसत होतं ते मागे राहणारं. गवत, चहाचं टेबल, सिरिलची काठी आणि हॉरेस.

तो सदऱ्यावर उभा होता, वाऱ्यात. तिची टोपली त्याने आपल्या डाव्या कोपरात अडकवली होती, अगदी तिच्यासारखी, आणि अंडी सांडू नयेत म्हणून दुसरा हात टोपलीवर धरला होता. त्यामुळे त्याला हात हलवता येईना. तो नुसता मान वर करून बघत होता, लहान लहान होत.

मर्टलने डावा हात उचलला. कोपर सहज वाकलं. विमान धावपट्टीच्या टोकाशी पोहोचेपर्यंत ती त्याला हात करत राहिली.