घासामागचा घोट

राई गावातली जुनी माणसं जेवायला बसली की आधी ताटाकडे बघत नाहीत, तांब्याकडे बघतात. तांब्या उजव्या हाताशी, काठोकाठ भरलेला, मग ताट. पाहुण्यापुढे तांब्या ठेवायला विसरलेल्या सुनेचं नाव वर्षभर गावात फिरतं.

ही सवय मिठागरातली. भाईंदरच्या खाडीच्या कडेनं नजर पोचेल तिथवर मीठ पिकत होतं, तेव्हा राईची माणसं उजाडायच्या आत बांधावर जात आणि दुपारी तिथंच भाकरी सोडत. तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट. अंगावर खार, ओठांवर खार, वाऱ्यातसुद्धा खार. कोरडा घास घशात गेला की तिथंच ठाण मांडून बसायचा. म्हणून घासामागे घोट. मडकं एक आणि माणसं सात. मडकं हातोहात फिरायचं आणि त्या फिरण्याला एक ताल होता.

पंढरीनाथ त्या तालावर वाढला. चौदाव्या वर्षी बापाबरोबर तो आगरात उतरला आणि तिशीला येईपर्यंत आगरातली मोठी माणसंही त्याला विचारून पाणी सोडू लागली. मिठाचं काम वाट बघायचं असतं. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, घट्ट लावायची आणि उन्हाला त्याचं काम करू द्यायचं. घाई करून उघाडी उघडली तर पाणी जातं आणि पाण्याबरोबर मीठही जातं. मागे उरतो चिखल. एखाद्या नव्या गड्यानं अशी घाई केली की पंढरीनाथ त्याला शिवी देत नसे. त्या चिखलात त्याला नुसतं उभं करी आणि म्हणे, "बघ. महिन्याचं ऊन सांडलंस."

पुढे आगरं बंद पडत गेली. पंढरीनाथ हाटकेशच्या एका कारखान्याच्या फाटकावर खुर्चीवर बसला. बांधावर दिवसभर चालणारं शरीर खुर्चीत बसलं, पण ताटातली भाकरी तेवढीच राहिली. वीस वर्षांत तो एकशे अठरा किलोचा झाला. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. गावात म्हणायचे, पंढरी फाटकावर बसला की फाटक लावायची गरज नाही.

दुःख आलं ते लेकीच्या वाटेनं. स्वप्नाली त्याची एकुलती एक. केबिन रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चोविसाव्या वर्षी तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि तपासणीत कळलं की दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन सकाळी ती डायलिसिसच्या खाटेवर पडून राहायची आणि दुपारी पिळलेल्या कपड्यासारखी घरी यायची. सुईपेक्षा तिला तहान छळायची. दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच डाळ, त्यातच गोळी गिळायचा घोट. तिनं एका बाटलीवर नेलपॉलिशनं रेघ मारली होती. ती रेघ दिवसभर तिच्याकडे बघायची आणि ती रेघेकडे.

आईला, चंपाला, साखरेचा आजार, त्यामुळे तिचं मूत्रपिंड घेता येईना. पंढरीनाथचं जुळलं, रक्तही जुळलं. त्या दिवशी तो इस्पितळाच्या बाकावर लहान मुलासारखा हसला. पण डॉक्टर म्हणाले, "ह्या वजनावर तुमचं ऑपरेशन करणं धोक्याचं आहे. ब्याण्णव किलोवर या, मग लेकीला द्या."

चालून पाहिलं, भात सोडून पाहिला. चार किलो उतरले, चार परत चढले. शेवटी जानेवारीत त्यानं पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. जठराच्या वरच्या भागाला एक पट्टा आवळला. पट्ट्याच्या वर लिंबाएवढी पिशवी राहिली. ती भरली की पोट भरलं. आहार सांगणारी मनाली नावाची मुलगी होती. तिनं त्याला चार वेळा बजावलं, "काका, बारीक घास, खूप चावायचं. आणि जेवताना पाणी नाही. जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवल्यावर एक तास नाही. बाकी दिवसभर प्या."

घरी आल्यावर चंपानं त्याच्या ताटाशेजारचा तांब्या उचलला. उचलून तो आत स्वयंपाकघरात ठेवला.

आगरातला जुना सोबती सदू बघायला आला. "पंढरी, ऐकलं ते खरं हाय का? पोटाला आतून पट्टा?"

"हाय."

"आरं, लोक पँट सुटू नये म्हणून बाहेरून बांधतात. तू भूक सुटू नये म्हणून आतून बांधलास!"

"भावजी," चंपा आतून म्हणाली, "तुमच्यासाठी पण एक सांगून ठेवू का? गावातलं एक हळदीचं जेवण सोडत न्हाय तुमी."

"मना कशाला, वहिनी? माझ्याकडं कोण काय मागतंय?" सदू हसत बोलला आणि बोलल्यावर त्याला कळलं. स्वप्नाली कोपऱ्यात बसून बर्फाचा एक खडा चोखत होती. मग तो चहा न पिताच गेला.

पहिले दोन महिने पंढरीनाथनं शब्द पाळला. अकरा किलो उतरले. चंपानं त्याच्या सदऱ्याच्या शिवणी आत घेतल्या. स्वप्नालीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर ब्याण्णवचा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला.

एप्रिलमधल्या एका दुपारी फाटकावरची पाळी संपवून तो अडीच वाजता घरी आला. भूक लागली होती. भाकरीचा घास जरा मोठा गेला आणि छातीच्या मधोमध अडकला. दगड बसावा तसा. तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांत पाणी आलं. बाहेरच्या खोलीत स्वप्नाली डायलिसिसहून येऊन आडवी झाली होती. तिला कळू नये म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तांब्या उचलला. थोडा वेळ जीव घाबरा झाला, मग काहीतरी सरकलं आणि छाती मोकळी झाली. जगातलं सगळं सुख त्या एका घोटात होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो जेवायलाच स्वयंपाकघरात बसू लागला. "पोरीला पाणी प्यायला न्हाय आणि मी तिच्यासमोर घास चावत बसू?" असं तो चंपाला म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चंपा त्या वेळी शेजारच्या सोसायटीत पोळ्या करायला गेलेली असे. तो भिंतीकडे तोंड करून बसे. तांब्या दोन गुडघ्यांच्या मधे. घास, घोट. मनाशी त्यानं हिशोबही बसवला होता: पाणी नको म्हणाले ते टाके ओले होते म्हणून. आता टाके सुकले. आणि पाण्यानं माणूस कधी वाढलाय का? वाढतो तो भाकरीनं. आगरात सात माणसं मडकंच्या मडकं प्यायची, त्यांतला एक तरी जाडा होता का?

अर्ध्या भाकरीवर आलेला माणूस एका भाकरीवर गेला, मग दीडवर. भूक पुन्हा जुन्या वाटेनं घरी आली. त्याला वाटलं, अंगात ताकद येतेय.

जूनच्या तपासणीला तो आणि स्वप्नाली दोघं गेली. काट्यावर एकशे आठ. मार्चमध्ये एकशे सात होते.

मनालीनं वही बघितली, मग त्याच्याकडे. "काका, जेवताना पाणी पिता का?"

"न्हाय. थेंब न्हाय."

स्वप्नालीनं मान खाली घातली आणि चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागली.

मनालीनं वाद घातला नाही. कपाटातून तिनं एक प्लास्टिकचं नरसाळं काढलं, त्यात बिस्किटाचा ओलसर चुरा भरला आणि खाली ताट धरलं. "ही तुमची पिशवी. नीट चावून खाल्लेलं असं बसून राहतं. हळूहळू खाली जातं, तोवर भूक लागत नाही. आता बघा." तिनं वरून फुलपात्रभर पाणी ओतलं. चुरा सैल झाला, फिरला आणि भळकन ताटात उतरला. नरसाळं रिकामं. "गेलं. आता पोट म्हणणार, मी जेवलोच कुठं?"

पंढरीनाथ त्या ताटाकडे बघत राहिला. पाण्यात कालवलेला तो तपकिरी राडा त्यानं आयुष्यात शंभर वेळा पाहिला होता. उघाडी. घाईनं उघडलेली उघाडी. नव्या गड्यांना ज्या चिखलात त्यानं उभं केलं, त्याच चिखलात आज तो उभा होता, आणि सांडलेलं ऊन एका महिन्याचं नव्हतं.

दोघं घरी आली. दारात चपला काढताना स्वप्नाली म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं खोटं बोललात."

तो उंबऱ्याशी थांबला.

"मला एप्रिलपासून माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? ऐकू येतं. तांब्या वाजू नये म्हणून तुम्ही खाली फडकं घालता. पण घोटाचं काय करणार? तुमचा घोट पार रस्त्यावर ऐकू जातो."

"मग बोलली का न्हाईस, बाय? मना बोलायचं ना! आई बोलते, सदू बोलतो, तुला तोंड नव्हतं?"

स्वप्नाली भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मला ऐकायला आवडायचं."

त्याला कळलं नाही.

"तुम्ही प्यायलात ना, की माझाही घसा ओला झाल्यासारखा वाटायचा. सकाळी तिकडं खाटेवर पडले की मी अडीच वाजायची वाट बघायचे. जेवायला नाही. तुम्ही जेवायला बसाल म्हणून. आकडा उतरत नाही, तेही कळत होतं. रोज ठरवायचे, आज सांगू. आणि मग घोट ऐकू यायचा."

पंढरीनाथनं आयुष्यात लेकीवर हात उगारला नव्हता आणि तो कधी रडलाही नव्हता. त्या दिवशीही त्यानं ह्यांतलं काही केलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला, तांब्या रिकामा केला आणि फळीवर पालथा घातला.

मग घरातली दुपार मुकी झाली. पंढरीनाथ बाहेरच्या खोलीत, लेकीसमोर जेवायचा. बोराएवढा घास, वीस वेळा चावून. उजवा हात मधेच आपोआप बाजूला जायचा, रिकामाच परत यायचा. घास अडकला तर तो उठून उभा राहायचा, छातीवर मूठ ठेवून दारापर्यंत चालायचा, पण पाण्याकडे बघायचा नाही. स्वप्नाली समोर बसून रेघेच्या बाटलीतला एकेक घोट तोंडात फिरवायची. त्या तीन महिन्यांबद्दल कोणी पुन्हा बोललं नाही. चंपाला त्यांनी सांगितलंच नाही. तिला एवढंच दिसत होतं की बापलेक आता एकमेकांच्या डोळ्यांत बघून जेवतात, आणि तिला त्याचं बरं वाटत होतं.

आकडा उतरू लागला. गणपतीला शंभर, दिवाळीला पंच्याण्णव. फाटकावरची माणसं विचारू लागली, पंढरीशेठ, आजारी आहात का? डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काटा ब्याण्णवच्या खाली आला. पंढरीनाथ काट्यावरून उतरला आणि पुन्हा चढला. पुन्हा तेच. मनालीनं टाळ्या वाजवल्या.

मग स्वप्नालीच्या तपासण्या झाल्या.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून ठेवले. "हृदय थकलंय तिचं. पाण्याचा भार वाहून वाहून. आत्ता टेबलावर घेतली तर झेपणार नाही. औषधं देऊ, डायलिसिस वाढवू. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"सहा महिन्यांपूर्वी झालं असतं का?" पंढरीनाथनं विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

"अंदाजानं सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. "अशा गोष्टींना अंदाज नसतो हो."

पंढरीनाथ खुर्चीतून उठेना. "बाबा, चला," स्वप्नाली म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला. पूर्वी तो हात तिच्या दोन्ही हातांत मावत नसे.

घरी आल्यावर चंपानं काही न विचारता ताटं वाढली. तिला तोंडांवरूनच कळलं होतं. पंढरीनाथ जेवला, अर्धी भाकरी, वाटीभर मुगाची उसळ. जेवून हात धुतला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कॅलेंडरवर ब्याण्णवचा गोल तसाच होता. शाई तेवढी फिकी झाली होती.

"बाबा," स्वप्नाली म्हणाली, "आज प्या ना. पूर्वीसारखे. मोठ्यानं."

त्यानं फळीवरच्या पालथ्या तांब्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणालेत. सहा महिने आकडा धरून ठेवायचा होता.

"एक तास थांब, बाय."

"थांबते."

चंपानं ताटं उचलली, जमीन पुसली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बापलेक समोरासमोर भिंतींना टेकून बसून राहिली. चार वाजून दहा मिनिटांनी पंढरीनाथ उठला, तांब्या भरून आणला आणि लेकीसमोर मांडी घालून बसला. स्वप्नालीनं डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले.

तो प्यायला. सावकाश, एकेक घोट, बांधावर प्यायचा तसा आवाज करत. प्रत्येक घोटाला तिचा गळा हलत होता.

तांब्या संपला तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"अजून हाय का?" तिनं विचारलं. लहानपणी ती असंच बोलायची.

"हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा भरून आणायला उठला.